सोलापुरात बसून तरंगिणी बांधायची असेल तर

आधी एक आकडा लिहून ठेवा: शंभरास एक. तरंगिणी म्हणजे नौदलाचं शिडाचं जहाज. खऱ्या जहाजाचा एक मीटर म्हणजे आपल्या मॉडेलचा एक सेंटिमीटर. हे माप का घ्यायचं ते पुढं कळेल. दुसरं कुठलंही घेतलंत तर कॅल्क्युलेटर हातातून सुटणार नाही, एवढं आताच सांगते.

माझं आयुष्य शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात गेलं. सोलापुरात हा धंदा गल्लोगल्ली. कॉलर, खिसा, बटणपट्टी, परत कॉलर. जहाजाशी संबंध आला तो केरळच्या सहलीत. कोचीला टुरिस्ट बोटीतून लांबवर एक पांढरं जहाज दिसलं, तीन उंच काठ्यांचं, शिडं सगळी गुंडाळून बांधलेली. बोटवाला म्हणाला, "नेव्ही का ट्रेनिंग शिप, तरंगिणी." दोन मिनिटांत ते मागं पडलं. बाकीची मंडळी चिनी जाळ्यांचे फोटो काढत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच, ती शिडं शिवली कुणी असतील?

मग नातवाला शाळेतून प्रकल्प आला, वाहतुकीची साधने. तो बैलगाडी करणार होता. म्हटलं, बैलगाडी अर्धा वर्ग आणतोय, आपण तरंगिणी करू. एक जमलं, मग दुसरं केलं, आता तिसऱ्याची तयारी चाललीय. पहिल्या दोन्हींत ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवते, कारण आमच्या शेजारणीपासून नातवाच्या बाईंपर्यंत सगळ्यांनी तो घातला. तारिणी वेगळी, तरंगिणी वेगळी. नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला फेरी मारून आल्या त्या तारिणीतून. ती ५५ फुटांची, एका काठीची होडी. आपल्या मापात जेमतेम १७ सेंटिमीटर. तरंगिणी तीन डोलकाठ्यांची, ५४ मीटरची, म्हणजे टेबलावर ५४ सेंटिमीटर. फोटो शोधताना नाव नीट वाचा, नाहीतर तारिणीच्या पोटावर तरंगिणीच्या काठ्या रोवाल.

नकाशा

बांधकामाचे खरे नकाशे आपल्याला कोण देणार? बरोब्बर बाजूने काढलेला एक फोटो पुरतो. तिरक्या फोटोच्या नादी लागू नका. त्यात डोलकाठ्या एकमेकींजवळ आल्यासारख्या दिसतात आणि माप फसतं. तो फोटो फ्लेक्सवाल्याकडे न्या आणि सांगा, पुढच्या टोकदार दांड्यापासून मागच्या टोकापर्यंत ५४ सेंटिमीटर भरेल असा साध्या कागदावर छापून दे. सोलापुरात वाढदिवसाच्या फ्लेक्सची दुकानं काही कमी नाहीत. आमचा पोरगा आधी हसला, "आज्जी, ह्याच्यावर शुभेच्छुक म्हणून कुणाकुणाची नावं टाकू?" पण छापून दिलं अगदी मापात. आता काठीची उंची, काठ्यांमधलं अंतर, शिडाची रुंदी, सगळं त्या कागदावर पट्टी ठेवून मोजायचं. रुंदी तेवढी बाजूच्या फोटोत कळत नाही. ती साडेआठ सेंटिमीटर धरा.

कागद भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस नुसता बघा. हे जहाज गोव्यातलं आहे, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं. १ डिसेंबर १९९५ ला पाण्यात उतरलं आणि नौदलात दाखल झालं ११ नोव्हेंबर १९९७ ला. नातवानं विचारलं, मधली दोन वर्षं काय करत होते? तुमचं पहिलं मॉडेल झालं की ह्याचं उत्तर तुम्हीच द्याल. सांगाडा आठवड्यात होतो. खरा वेळ खातात काठ्या, दोर आणि शिडं.

आराखडा कॉलिन म्युडी नावाच्या ब्रिटिश माणसाचा. ह्या माणसाबद्दल वाचलं आणि मी शिलाई बाजूला ठेवली. १९५८ च्या डिसेंबरात बायको आणि आणखी दोघांबरोबर हा बलूनमधून अटलांटिक ओलांडायला निघाला होता. बलून समुद्रात उतरवावं लागलं, तर खालची टोपली होडीसारखी करून, शीड लावून, चौघं बार्बाडोसला पोचले. टोपली आधीच होडीच्या आकाराची बनवून ठेवली होती म्हणून जगले. पुढं १९८० मध्ये ओमानला सोहार नावाचं जुन्या अरबी धाटणीचं जहाज बांधलं गेलं, त्याचा आराखडाही ह्याचाच. त्यात खिळा नाही. मलबारचं लाकूड, आणि फळ्या काथ्यानं शिवलेल्या. शिवलेलं जहाज! हे वाचल्यावर मला वाटलं, ह्या धंद्यात आपलंही थोडं चालतं.

तरुणांना शिडाची विद्या शिकवणारी जहाजं ही म्युडींची खासियत. तरंगिणीच्या आधी त्यांनी इंग्लंडात लॉर्ड नेल्सन नावाचं जहाज आखलं होतं. त्यावर धडधाकट आणि अपंग माणसं बरोबरीनं काम करत. तिचा फोटो तरंगिणीशेजारी ठेवून बघा, एका घरच्या दिसतात. आणि तरंगिणीची सख्खी बहीण म्हणजे सुदर्शिनी. तीही गोवा शिपयार्डचीच, २०१२ मध्ये नौदलात आली. फोटो कमी पडले तर तिचे चालतील, फक्त बारीकसारीक फरक तपासून घ्या.

सांगाडा

सनबोर्ड घ्या, पाच मिलिमीटरचा. शाळेच्या प्रकल्पांचं सामान मिळतं तिथं मिळतो. खरी तरंगिणी पोलादाची आहे, पण आपल्याला पत्रा वाकवायचा नाही. सनबोर्डाच्या होडीच्या आकाराच्या चकत्या कापायच्या, सगळ्यात वरची मोठी, खाली खाली अरुंद होत गेलेल्या, आणि एकावर एक चिकटवायच्या. भाकरीची चळत रचतो तसं. मधल्या चकत्यांचं पोट कापून पोकळ ठेवा, कडेला दोन बोटं भिंत सोडा. वाळल्यावर पायऱ्यांसारख्या कडा पॉलिश पेपरनं घासून गोल करा. हे काम गच्चीत करा. भुकटी घरभर होते, माझ्या पापडांवर बसली होती.

गोंद पाण्यात न सुटणारा घ्या. पहिल्या वेळी मी घरातला पांढरा डिंक वापरला आणि जहाज बादलीत उतरवलं. तासाभरात चकत्या सुट्या होऊन तरंगायला लागल्या.

रंग पांढरा. बाकीच्या रेघा फोटो बघून.

काठ्या

उभ्या तीन डोलकाठ्यांना पतंगाच्या दुकानातली बांबूची कामटी, वरच्या बाजूला तासून निमुळती केलेली. आडव्या काठ्यांना जळून गेलेल्या अगरबत्तीच्या काड्या. सिद्धेश्वराच्या कृपेनं घरात त्यांचा तुटवडा नाही.

इथं माझी मोठी चूक झाली. पहिल्या मॉडेलला मी तिन्ही डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या बांधल्या. दिसायला भरगच्च, पण ती तरंगिणी नव्हे. तरंगिणी बार्क जातीची. पुढच्या दोन काठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, आणि शेवटच्या, मागच्या काठीवर आडवं काही नाही. तिथलं शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेनं, दाराच्या फळीसारखं उघडझाप करणारं.

असं का? चौकोनी शिडं वारा पाठीशी असला की जोर लावतात. वारा तिरका समोरून आला की त्यांची चलती संपते, तिथं लांबीच्या दिशेची शिडं कामाची. मागच्या काठीवर तसं शीड ठेवलं की जहाजाचं तोंड वळवायला सोपं जातं आणि वर चढायला माणसंही कमी लागतात. माल वाहणाऱ्या शिडाच्या जहाजांच्या मालकांनी शेवटच्या काळात बार्क पसंत केला तो त्या मजुरीच्या हिशोबापायी. एका माणसाची मजुरी वाचते म्हटल्यावर काय काय बदलतं हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

काठी सरळ उभी राहणं हीच मोठी गोष्ट. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी बघा. तो पेलणारा माणूस सगळा तोल स्वतःच्या अंगावर घेतो. डोलकाठीखाली असा माणूस नसतो, तिला दोर असतात. पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनी. म्हणून काठी गोंदाच्या भरवशावर उभी करू नका. भोकात नुसती खोचा आणि दोरांनी ताणा.

दोर

शिलाई येणाऱ्याला हा भाग सोपा, न येणाऱ्याला नकोसा. दोर दोन जातीचे. एक जात बांधली की हलत नाही, ती काठ्या धरून ठेवते. दुसरी जात शिडं चढवते, उतरवते, फिरवते. पहिलीला काळा दोरा घ्या, जरा जाड. दुसरीला बदामी रंगाचा, बारीक. दोन्ही आधी मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या, म्हणजे दोऱ्याची लव बसते. जुने शिंपी काजाच्या दोऱ्याला करायचे तसंच.

सुदर्शिनीवर साडेसात किलोमीटर दोर आणि दीड किलोमीटर पोलादी तारदोर आहे. शंभरास एक केलं की ७५ मीटर दोरा आणि १५ मीटर तार. सगळा लावायला जाऊ नका, मला पंचवीस-तीस मीटरमध्येच ती भरलेली दिसायला लागली. पण एकदा तरी ७५ मीटर दोरा रिळावरून सोडून अंगणात पसरून बघा. हे सगळं अंधारात, कुठला दोर कुठल्या शिडाचा हे हातानं ओळखायचं, पायाखाली डेक हलत असताना. तरंगिणीवर तीसेक कॅडेट एका वेळी असतात आणि त्यांना हेच शिकायचं असतं. नातू म्हणाला, इंजिन नाही का? आहे की, डिझेलची इंजिनं आहेत. मग शीड कशाला? त्याला उत्तर मी दिलं नाही, काळ्या दोऱ्याची शिडी विणायला दिली. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना कॅडेट चढायची दोरांची शिडी असते, पायरी पायरीची. प्रत्येक पायरीला दर उभ्या दोरावर एक गाठ. चाळीस गाठी झाल्यावर म्हणाला, "आज्जी, ह्याच्यावरून खरंच वर जातात? वारं असताना?" आणि मग बराच वेळ न बोलता गाठी मारत बसला.

बांधताना एक नियम: डावीकडे एक दोर ताणला की लगेच उजवीकडे एक. एकच बाजू पुरी केलीत तर काठी कलते आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

शिडं

आता माझा प्रांत, इथं मी सावकाश जाणार.

खऱ्या जहाजाला वीसेक शिडं, मिळून साधारण हजार चौरस मीटर कापड. शंभरास एक मापात क्षेत्रफळ दहा हजारांनी भागलं जातं. म्हणजे हजार चौरस मीटरचे होतात हजार चौरस सेंटिमीटर. बत्तीस बाय बत्तीसचा एक नॅपकिन! अख्ख्या तरंगिणीची शिडं एका नॅपकिनात. हे गणित जुळलं त्या दिवशी मी कटिंगच्या टेबलावर नॅपकिन पसरून शेजारणीला बोलावून दाखवलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

पण नॅपकिन सोलापुरी टेरीचा घेऊ नका, त्याचे फुगे ह्या मापात गोधडीसारखे दिसतात. जुन्या शर्टाचं सुती पॉपलीन घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेलं. टेरीकॉट नको, खळ धरत नाही. नवं कापडही नको, ताठ उभं राहतं. फारच हौस असेल तर बारीक मांजरपाट. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड एके काळी शिडांना जायचं आणि खलाशांच्या विजारींनाही. डंगरी हा शब्द त्या डोंगरीचाच. युनिफॉर्मच्या धंद्यात इतकी वर्षं काढली आणि हे मला जहाजामुळं कळलं.

कापताना उभा धागा शिडाच्या उभ्या कडेला समांतर ठेवा. तिरपं कापलं तर शीड कोपऱ्यात ओढलं जातं आणि झोळीसारखं लोंबतं. चौकोनी शिडं खरं तर चौकोनी नसतात, वर अरुंद, खाली रुंद. कागदावरून खाके काढा आणि प्रत्येकावर नंबर टाका, नाहीतर सगळी सारखीच दिसतात. कडा दुमडून शिवू नका, दुमड फार जाड दिसते. कडेला पातळ गोंदाचं बोट फिरवा, वाळू द्या, मग कात्री लावा. धागा सुटत नाही. खरं शीड पट्ट्या जोडून शिवतात, त्या शिवणी दाखवायला कठीण पेन्सिलीनं आठ-आठ मिलिमीटरवर हलक्या रेघा मारा. मशीनची टीप मारायचा मोह होईल, मलाही झाला. टाका मोठा दिसतो. पेन्सिलच बरी.

आता वारा. सपाट शीड लावलंत तर जहाज दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखं दिसेल. पातळ कांजी करा, तांदळाच्या पेजेइतकी. शिडं बुडवून पिळा आणि पालथ्या घातलेल्या पातेल्याच्या कडेवर, जिथं बाक असतो तिथं, पसरून वाळवा. मोठी शिडं मोठ्या पातेल्यावर, लहान तांब्यावर. सगळ्यांचा फुगवटा एकाच दिशेला यायला हवा, कारण वारा एकाच बाजूनं येतो. एप्रिलात केलंत तर सोलापूरचं ऊन दहा मिनिटांत काम करतं.

पाण्यात

वजनालाही तोच शंभरास एक चालतो, फक्त आता भागायचं दहा लाखांनी. तरंगिणी सुमारे ५०० टन पाणी बाजूला सारते. दहा लाखांनी भागलं की ५०० ग्रॅम. म्हणजे तुमचं जहाज बरोबर रेघेपर्यंत बुडायचं असेल तर शिडादोरांसकट ते अर्धा किलो भरायला हवं. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवा. माझं भरलं २७० ग्रॅम. वाण्यानं विचारलं, किती रुपये किलो?

उरलेलं वजन तळाला टाकायचं. मी शहाणपणा केला आणि पोकळ पोटात वाळू ओतली, सुटी. संभाजी तलावावर नातवाचे चार मित्र, दोघांच्या आया, असा लवाजमा घेऊन गेलो. जहाज सुंदर निघालं. मग एक वाऱ्याची झुळूक आली, ते डावीकडे कललं, आतली वाळू डावीकडे घसरली, आणि ते काही परत उठलं नाही. शिडं पाण्यावर पसरून आडवं पडलं. "आज्जी, बुडतीय की गं!"

घरी येऊन का बुडाली ते शोधत बसले आणि पामीर सापडलं. चार डोलकाठ्यांचं जर्मन बार्क. माल वाहायचं आणि त्याच फेरीत पोरांना शिकवायचं. १९५७ मध्ये ब्यूनोस आयर्सहून बार्ली भरून हँबुर्गला निघालं, बहुतेक धान्य पोत्यांत नाही, सुटंच ओतलेलं. २१ सप्टेंबरला अटलांटिकमध्ये चक्रीवादळात सापडलं, कललं, धान्य सरकलं आणि जहाज आडवं झालं. वर ८६ माणसं होती, त्यांत निम्म्याहून जास्त शिकाऊ पोरं. सहा वाचली. माल आणि शिकाऊ मुलं एकाच जहाजावर न्यायची ती पद्धत त्यानंतर टिकली नाही. पुढच्या वर्षी जर्मनीनं गॉर्च फॉक हे शिकवण्यापुरतंच जहाज पाण्यात सोडलं. तरंगिणी त्या दुसऱ्या जातीची, तिच्या पोटात विकायचा माल नाही. नातवाला हे मी जरा उशिरा सांगितलं, जहाज वाळल्यावर.

तर वजन सुटं ठेवू नका. लोखंडी नट किंवा शिशाचे तुकडे तळाच्या मध्यावर, एका ओळीत, गोंदानं पक्के चिकटवा. तरीही लहान जहाज मोठ्याइतकं स्थिर राहत नाही, कारण आपण जहाज शंभर पट लहान केलं, वारा नाही. म्हणून मी तळाखाली एक लोखंडी पट्टीही लावली, स्क्रूनं काढता-घालता येणारी. शोकेसमध्ये ठेवताना काढते.

बादलीत एक प्रयोग जरूर करा. गोड्या पाण्यात जहाज सोडून पाण्याच्या रेघेला पेन्सिलीची खूण करा. मग त्याच पाण्यात खडेमीठ विरघळवत जा. जहाज वर उचललं जातं. अगदी थोडंसं, पण दिसतं. २००३ मध्ये तरंगिणी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, असं करणारं नौदलाचं पहिलं जहाज. कोचीहून निघून कोचीलाच परत यायला तिला पंधरा महिने लागले. त्या फेरीत ती अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत गेली होती, समुद्रापासून शेकडो मैल आत, गोड्या पाण्यात, तिथल्या शिडाच्या जहाजांच्या मेळाव्याला. त्या पाण्यात ती नेहमीपेक्षा थोडी खोल बसली असणार. आमच्या तलावातल्यासारखी.

पुढचं

प्रकल्पाला नातवाला ब मिळाला. बाईंचं म्हणणं, हे मुलानं केलेलं वाटत नाही. गाठी त्यानंच मारल्या होत्या. असो.

तुमची तरंगिणी जमली तर पुढं काय करायचं ते सांगते. त्रिंकोमाली नावाचं जहाज शोधा. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलेलं. त्याचे पहिले नकाशे ज्या इंग्रजी जहाजातून मुंबईला येत होते तेच १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडलं, म्हणून दुसरे मागवावे लागले. ही लढाऊ फ्रिगेट पुढं म्हातारपणी फूद्रोयां असं नाव घेऊन इंग्लंडात पोरांना शिकवत नांगरून राहिली, ते थेट १९८६ पर्यंत. आता मूळ नावानं हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सागवान अजून मजबूत. आणि तिच्या तिन्ही डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या आहेत, म्हणजे माझं चुकलेलं पहिलं मॉडेल त्या जातीचं होतं.

हिला सनबोर्ड लावायचा नाही असं मी ठरवलंय. सासऱ्यांचा हातमाग मोडून पडलाय, त्याची सागवानी चौकट माळ्यावर आहे. सुतारमामांना दाखवली. त्यांनी नखानं खरवडून बघितलं, वास घेतला, म्हणाले, लाकूड सोनं आहे, पण आत कुठंतरी खिळे असतील, रंध्याचं पातं गेलं तर भरून द्यावं लागेल. लोहचुंबक घेऊन बसलेय. आत्तापर्यंत अकरा सापडलेत.